गाडी तापली की करंट जातो, थंड झाली की परत येतो. इंजिन खोलण्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. गाडी 2001 ची, शंभर सीसी, फोर-स्ट्रोक, फक्त किक, सीडीआय (प्लगला ठिणगी पाडायला लावणारी इलेक्ट्रॉनिक डबी) इग्निशन. वडिलांची आहे, गावात रोज चालते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ती गाडीच तसली' आणि 'आमची तर अजून पळते' यावरच संपेल.

आम्ही सोलापूरचे चौघे दोस्त तीन गाड्यांवर बदामीला निघालो. विजापूर रोड, पहाटेची वेळ. टाकळीला भीमेचा पूल ओलांडेपर्यंत गाडी मस्त. झळकीच्या पुढं ऊन चढलं आणि गाडी एकदम मेली. आचके नाहीत, फटफट नाही, कुणीतरी चावी फिरवावी तशी बंद. लिंबाखाली अर्धा तास उभी केली, एका किकला सुरू. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा तेच. दर वेळी मधलं अंतर कमीच होत गेलं.

रस्त्यात काय काय बघितलं ते सांगतो. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं. हवा ओढल्याचा आवाज नाही, फरक नाही. कार्बोरेटरचा खालचा ड्रेन स्क्रू ढिला केला, तर पेट्रोल धार लावून आलं. प्लग बदलला. मग नवा प्लग हेडला टेकवून किक मारली, ठिणगीच नाही. गाडी थंड झाल्यावर तोच प्लग, तीच जागा, निळी ठणठणीत ठिणगी. इथंच आमच्यातला एक जण बोलला, 'बे, ही कॉइल आहे.' तो एमआयडीसीत लूमच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. म्हणाला, तार आत कुठंतरी तुटलेली असते, थंडीत टोकं टेकून राहतात, तापलं की सुटतात. अशा मोटारी त्याच्याकडं नेहमी येतात.

विजापुरात मिस्त्रीला दाखवली. तो म्हणायलाय, पिस्टन जाम होतोय, बोअर (सिलिंडर आतून घासून मोठा) करावं लागेल. आता जाम होत असता तर बंद पडल्यावर किक अशी मऊ गेली असती का? कॉम्प्रेशनही नेहमीसारखंच लागतं. वाइंडिंगवाल्यानं त्याला हात जोडून नमस्कार केला आणि आम्ही बदामी सोडून परत फिरलो. ऊन उतरल्यावर निघालो, हळूहळू, थांबत थांबत. शेवटी सोरेगावच्या अलीकडं पूर्ण मेली ती मेलीच. तिथून एकानं मागून पाय लावून घरापर्यंत आणली.

विचारायचं हे: एचटी कॉइल (प्लगला जोराचा करंट देणारी), पल्सर (ठिणगी कधी पडायची ते सांगणारी छोटी कॉइल), मॅग्नेटमधली (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकातली) एक्सायटर कॉइल (सीडीआयला करंट पुरवणारी) आणि सीडीआय, यातलं नेमकं कोण गेलंय हे इंजिन न खोलता घरी कसं ओळखायचं? चारही बदलायची ऐपत नाही आणि इच्छाही नाही.

प्रतिसाद

तुमचा दोस्त बरोबर वाटतोय. पण कॉइल म्हणजे कुठली, ते मीटरनं ठरवा, अंदाजानं नको.

सगळ्यात आधी फुकटचा उपाय. इग्निशन लॉककडून सीडीआयला येणारी वायर काढून ठेवा. जुन्या एसी सीडीआयमध्ये (बॅटरीवर नाही, मॅग्नेटच्या करंटवर चालणाऱ्या) चावी बंद केली की ही वायर अर्थ होते आणि करंट मरतो. लॉक आत सैल झाला असेल किंवा वायर घासून चेसीला लागत असेल, तर तुम्ही सांगता तशीच गाडी मरते. वायर काढल्यावर गाडी चावीशिवाय चालेल, बंद करायला गिअरमध्ये क्लच सोडायचा. तशी चालवून बघा. तरी मेली तर लॉकचा दोष नाही.

मग एचटी कॉइल. ती टाकीखाली असते. गाडी मेल्यावर फक्त तिच्यावर ओलं फडकं गुंडाळा, बाकी कशाला हात लावू नका. दोन-तीन मिनिटांत ठिणगी आली तर चोर सापडला. नाही आली तर मॅग्नेटकडून येणारा कनेक्टर काढा आणि मीटर ओहमवर ठेवून एक्सायटरची वायर आणि इंजिनची बॉडी यांत मोजा. पल्सरचंही तसंच. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळेल, पण थंड असताना काही शे ओहम दाखवणारी कॉइल गरम असताना मीटरवर नुसता 1 दाखवत असेल तर आकड्याची गरज नाही, ती ओपन झालीय, म्हणजे आत तार तुटलीय. मोजायचं गाडी मेल्या मेल्या. चहा पिऊन आलात की सगळं पुन्हा ठीक दिसणार.

या सगळ्यातून काही निघालं नाही तर सीडीआय, आणि तो कुणाचा तरी उसना लावून बघायचा. दुसरा इलाज नाही.

आणि हायवेला पाय लावून गाडी आणू नका हो. मागून ट्रक आला तर दोघंही जाता. छोटा हत्ती करा.

प्रतिसाद

टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) बघितले का? फार टाईट असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. अर्थात तुमची ठिणगीच जातेय म्हणून हे कारण दिसत नाही. पण कव्हर उघडाल तेव्हा गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा, इंजिन थंड असताना.

धागाकर्ता

दोघांचे आभार. लॉकची वायर काढून भर दुपारी विजापूर रोडलाच फेऱ्या मारल्या, सैफुलच्या पुढं मेली. ओल्या फडक्यानं काही झालं नाही. कनेक्टर तिथंच सावलीत काढला: पल्सर ठीक, एक्सायटर ओपन, नुसता 1. घरी संध्याकाळी मोजलं तर आकडा परत आला. दोस्त आता चौकात छाती काढून फिरायलाय.

तो म्हणतो नवी घेऊ नको, मी भरून देतो. तार केसासारखी बारीक, वेढे मोजून त्याच गेजची भरायची, वॉर्निश लावून भट्टीत वाळवायची, म्हणजे धक्क्यानं सुटणार नाही. मला पटतंय, कारण बाजारात जी नवी प्लेट (एक्सायटर जिच्यावर बसते ती) दाखवली ती हातात घेतल्यावरच हलकी वाटली. कुणी भरलेली एक्सायटर लांबच्या प्रवासात वापरलीय का? टिकते का?

दुसरं, मॅग्नेट काढायला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतोय. ओळखीचा मिस्त्री हातोडीनं काढतो म्हणाला, त्याला नको म्हटलं, क्रँकचं टोक बसायचं. सात रस्ता, नवी पेठ भागात कुणाकडं पुलर असेल तर एका दिवसासाठी द्या. शेंगाचटणीचा पुडा माझ्याकडून.