प्रतिसाद : हास्टचा गरुड शिकारीच होता

वर एकांनी लिहिलंय की न्यूझीलंडचा, आता नामशेष झालेला हास्टचा गरुड इतका जड होता आणि गिधाडाशी त्याचं इतकं साम्य दिसतं की तो मेलेल्या मोआंवरच (मोआ म्हणजे तिथले न उडणारे मोठे पक्षी, तेही आता नामशेष) जगत असणार. मला हे पटत नाही. मादीचं वजन १० ते १५ किलो, पंखांचा विस्तार अडीच-तीन मीटर. म्हणजे आकाराच्या मानाने पंख आखूडच, पण दक्षिण बेटावरच्या झाडीझुडपांत झेप घ्यायला ते सोयीचे.

खरा पुरावा मोआंच्या हाडांत आहे. काही मोआंच्या कमरेच्या हाडांना आरपार भोकं पडलेली सापडली आहेत, आणि ती या गरुडाच्या नख्यांशी जुळतात. मेलेल्या पक्ष्याला एवढ्या जोराने कोण कशाला पकडेल? २०२१च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की तो मारायचा गरुडासारखा आणि खायचा मात्र गिधाडासारखा, चोच आत खुपसून. तेव्हा गिधाडाशी साम्य दिसतं हे त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही, निष्कर्ष तेवढा वेगळा निघतो.

या गरुडाची पहिली हाडं १८७१ साली न्यूझीलंडमधल्या ग्लेनमार्कच्या दलदलीत मिळाली, मोआंच्या सांगाड्यांच्या बरोबरीने.

मला सगळ्यात थक्क करते ती २००५मधली डीएनए तपासणी. त्याचे जवळचे नातलग ऑस्ट्रेलियाचा लिटल ईगल आणि आपल्याकडे हिवाळ्यात येणारा बूटेड ईगल, दोन्ही जेमतेम किलोभराचे! पुढे माणूस बेटावर आला, मोआ संपले आणि पाठोपाठ हाही गेला.