हॉकी की फुटबॉल : कोणाचं अंग जास्त कणखर लागतं? (अनुभव धागा)

पावसाळी शालेय स्पर्धा सुरू झाल्या की तालुक्याच्या मैदानावर हा वाद हमखास निघतो. एकीकडे नेहरू हॉकी स्पर्धेची तयारी, दुसरीकडे सुब्रतो कप फुटबॉलची, आणि खेळणारे पोट्टे पुष्कळदा तेच. हॉकीवाले म्हणतात, दगडासारखा बॉल अंगावर घेऊन दाखवा. फुटबॉलवाले म्हणतात, नव्वद मिनिटं पळून दाखवा. म्हणून हा धागा. जे शिकवतात, पंचगिरी करतात, मैदान राखतात, दुखापती बघतात, त्यांनी लिहावं. कोण भारी हे सांगण्यापेक्षा शरीराच्या कोणत्या भागावर काय येतं, किती येतं आणि आपल्याकडच्या जमिनीवर व उन्हात त्यात काय फरक पडतो, ते लिहा.

सुरुवातीला आकडे. हॉकीचा बॉल 156 ते 163 ग्रॅम, टणक. फुटबॉल 410 ते 450 ग्रॅम, पण हवेचा. हॉकी 15 मिनिटांचे चार डाव, फुटबॉल 45 मिनिटांचे दोन. हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतो. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात पाच बदल, आणि बाहेर गेलेला परत येत नाही.

क्रीडाशिक्षक, दारव्हा

वरचा शेवटचा मुद्दाच सगळ्यात मोठा आहे. हॉकीत बदल मोकळे असल्यामुळे पोरगा सात-आठ मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येऊन दम घेतो आणि पुन्हा आत जातो. फुटबॉलमध्ये मधल्या फळीचा खेळाडू वरच्या पातळीवर एका सामन्यात 10 ते 12 किलोमीटर कापतो आणि ते त्याला नव्वद मिनिटांवर पुरवावं लागतं. म्हणून एकाच चाचणीवर दोघांना तोलू नका. फुटबॉलसाठी 20 मीटरची बीप टेस्ट (बीपच्या तालावर वाढत्या वेगाने इकडून तिकडे धावणं) ठीक. हॉकीसाठी 25 मीटरच्या सहा धावा घ्या, दर 30 सेकंदांनी एक, आणि पहिल्या व सहाव्या धावेतला फरक बघा. सहावी फारच ढेपाळली तर तो पोरगा शेवटच्या डावात बॉलच्या मागे राहणार.

आता पाठ. हॉकीत पळणं वाकून होतं, आणि हे फुटबॉलवाल्यांच्या ध्यानात येत नाही. नवीन पोरं गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकतात. तिसऱ्या डावापर्यंत कंबर धरते, मांडीची मागची शीर ओढते आणि बॉल पायात अडकतो. गुडघे वाकवा, बूड खाली घ्या, बॉल उजव्या पायाच्या पुढे हातभर अंतरावर ठेवा, म्हणजे मान वर राहते आणि समोरचं दिसतं. स्टिक आखूड असली तर यातलं काहीच जमत नाही. आपल्या शाळांत थोरल्या भावाला आखूड झालेली, नाहीतर कपाटात पडलेली स्टिक पोराच्या हाती देतात. स्टिक उभी धरल्यावर कमरेच्या हाडापर्यंत यायला पाहिजे. त्याहून चार बोटं कमी असेल तर पोरगा पूर्ण मोसम वाकून कंबर दुखवून घेतो, आणि आपण त्याला कमजोर म्हणतो.

रोज सरावानंतर प्लँक 30 सेकंद तीन वेळा, दोन्ही कुशींवर 20-20 सेकंद, आणि भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक 40 सेकंद. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

फिजिओ, वर्धा

पाठीबद्दल सरांशी सहमत. पण मोसम संपवणारी दुखापत फुटबॉलमध्ये जास्त, आणि ती गुडघ्याची. गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा बंध तुटतो तेव्हा बहुतेक वेळा कोणी धडकलेलंच नसतं. पोरगा पळता पळता अचानक थांबतो किंवा वळतो, पाय जमिनीत रुतलेला राहतो, गुडघा आत झुकतो आणि 'टक्' आवाज येतो. दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजतो. आवाज अधिक सूज, एवढं दिसलं की मालीश, शेक, झटका देऊन 'बसवणं' यातलं काही करू नका. पट्टी बांधा, बर्फ लावा, पाय वर ठेवा, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांच्या साधारण दोन ते तीन पट आहे, त्यामुळे मुलींच्या संघाला उडी मारून उतरण्याचा सराव आधी शिकवा. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघा अंगठ्याच्या रेषेत.

फिफाचा '11 प्लस' नावाचा वॉर्मअप आहे. त्याला साहित्य लागत नाही, साधारण 20 मिनिटं लागतात. त्यात 15 व्यायाम, तीन भाग. पहिली आठ मिनिटं हळू धावणं आणि वळणं, मग दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं जोरात धाव. गावात होतं असं की फक्त पळणं घेतात आणि मधली दहा मिनिटं गाळतात. दुखापत टाळण्याचं काम त्या मधल्या भागातच आहे. त्यातला नॉर्डिक व्यायाम असा. पोरगा गुडघ्यांवर उभा, जोडीदार त्याचे घोटे दाबून धरतो, आणि पोरगा अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळूहळू पुढे झुकतो. तीनपासून सुरू करा, महिनाभरात आठ-दहावर न्या. पहिल्या आठवड्यात मांडी चांगलीच भरून येते. सामन्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

हॉकीच्या संघालाही हाच वॉर्मअप चालतो.

हॉकी पंच, पुलगाव

कणखरपणाचा विषय निघाला तर पेनल्टी कॉर्नरबद्दल, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणाऱ्या गोलच्या संधीबद्दल, बोलायलाच हवं. गोलरक्षक धरून पाच जण गोलरेषेमागे उभे असतात. बॉल आत ढकलला की त्यातला पहिला धावणारा सरळ फटका मारणाऱ्याच्या अंगावर जातो. वरच्या पातळीवर ड्रॅगफ्लिकचा (स्टिकने बॉल ओढत नेऊन फेकण्याचा) वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातो आणि हा पोरगा त्या वाटेतच धावत असतो. फुटबॉलमध्ये फ्रीकिकला भिंत करून उभे राहतात, पण तो बॉल हवेचा असतो आणि भिंत 9.15 मीटरवर असते.

नियम नीट समजून घ्या, त्यात खेळाडूचा बचाव आहे. कॉर्नरवर पहिला फटका 'हिट' असेल तर बॉल गोलरेषा ओलांडताना 460 मिलिमीटरच्या, म्हणजे गोलच्या आतल्या लाकडी फळीच्या उंचीच्या, वर नको. फ्लिकला ही मर्यादा नाही, पण तो धोकादायकही नको. धावणारा फटक्यापासून पाच मीटरच्या आत असताना बॉल त्याच्या गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर. नेहमीच्या पवित्र्यात गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक आणि बचाव करणाऱ्यांना फ्री हिट. गावच्या सामन्यात हा दुसरा भाग पंचही विसरतात, आणि मांडीवर मार खाल्लेल्या पोराच्याच संघाविरुद्ध कॉर्नर देतात. हा अन्याय तर आहेच, शिवाय पुढच्या वेळी तो पोरगा बाहेर निघायला कचरतो.

गोलरक्षक सोडून चौघांना चेहऱ्याचे मुखवटे घेणं जमत नसेल तर निदान दोन घ्या, पहिल्या आणि दुसऱ्या धावणाऱ्यासाठी. दातांचं गार्ड सगळ्यांना. डाव्या हाताला हातमोजा, कारण स्टिक आडवी टाकताना डाव्या बोटांची हाडंच आधी मुरमावर घासतात. फुटबॉलमध्ये शिनगार्डची (नडगीच्या कवचाची) सक्ती आहे. हॉकीत मैदानावरच्या खेळाडूंना शिफारस आहे, पण आपल्या मैदानांवर ती सक्ती समजूनच चाला.

आणि दमाचं म्हणाल तर पॅरिसचा 2024 चा उपांत्यपूर्व सामना बघा. ग्रेट ब्रिटनविरुद्ध 17व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेली 43 मिनिटं भारत दहा जणांनी खेळला, सामना 1-1 सुटला आणि शूटआऊटमध्ये 4-2 ने जिंकला. दहा जणांनी हॉकी खेळताना आत-बाहेर करून मिळणारी विश्रांतीही कमी होते, हे लक्षात घेऊन तो सामना पुन्हा बघावा.

फुटबॉल प्रशिक्षक, कामठी

पंच साहेब, बॉलचा मार मान्य. पण अंगाला अंग भिडणं फुटबॉलमध्ये नियमातच आहे. खांद्याला खांदा लावून रेटणं चालतं, हॉकीत नाही चालत. हवेतल्या बॉलसाठी दोघं उडतात, कोपर, डोकं, खांदा सगळं एका जागी येतं, आणि उतरताना एकाच पायावर वजन पडतं. इथे कबड्डी खेळलेला पोरगा लगेच ओळखू येतो, त्याची मांडी आणि कंबर धक्क्याला हलत नाही.

हेडिंग लहान वयात शिकवूच नका. बारा वर्षांच्या पुढे सुरू करा, तेही हलक्या बॉलने, हाताने टाकलेल्या, आठवड्यातून एकदा, पाच-सहा वेळा. कपाळाच्या वरच्या भागाने, मान ताठ, डोळे उघडे. बॉलमध्ये हवा 0.6 ते 1.1 वातावरण दाब एवढी असावी. सायकलच्या पंपाने दगड होईपर्यंत भरतात आणि मग पोराचं डोकं दुखतं.

अनवाणी खेळण्याचं कौतुक अजून ऐकू येतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी 2-1 ने हरले, हे खरं. ते मऊ गवत होतं. आपल्या मुरमावर पोराला अनवाणी उतरवू नका.

मैदान राखणारा, मूर्तिजापूर

मैदानाबद्दल कोणीच लिहून नाही राह्यलं, म्हणून मी लिहितो. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिले बोट जाईल अशा भेगा पडते अन् पावसात तीच फुगते. फुटबॉलवाल्याचा घोटा भेगेत मुरगळते. हॉकीचा बॉल त्याच भेगेच्या कडेले लागून उसळते अन् थेट थोबाडावर येते. त्याच्यात पोट्ट्याची काय चूक?

काळ्या मातीवर चार इंच मुरूम पाहिजे, चाळून. मधातून दोन्ही बाजूले उतार द्या, शंभर फुटाले एक फूट. नाही तं पाणी मधातच साचते. आता पाण्याचा हिशोब. हॉकीचं मैदान 91.4 बाय 55 मीटर, म्हणजे झाले पाच हजार चौरस मीटर. 5000 लिटरचं टँकर सगळीकडे मारलं तं मीटराले एक लिटर पडते. त्याच्यानं धूळ बसते, मुरूम दबत नाही. रोलर फिरवाचा असन तं पाच टँकर लागते. एकच टँकर भेटलं तं सगळ्या मैदानावर उडवू नका, दोन्ही 'डी' (गोलापुढचे अर्धगोल) भिजवा. दोन्ही मिळून आठशे मीटराच्या आतच हाय, मीटराले सहा लिटर बसते. मार तिथंच जास्त लागते, म्हणून जागा तीच पक्की पाहिजे.

संध्याकाळी पाणी मारा, सकाळी मूठभर माती दाबून पाहा. गोळा झाला अन् हाताले चिकटली नाही तं रोलर फिरवा. चिकटली तं दोन घंटे थांबा, नाही तं रोलरसंगं पापुद्रे निघते. पावसात काळी माती वर आली असन तं त्या दिवशी फुटबॉल बंदच ठेवा. बुटाखाली मातीचे थर चढते, स्टड दिसत नाही, अन् फिजिओ ताईनं सांगतलं तसा गुडघा जाते.

आरोग्यसेविका, सिंदेवाही

आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश नवीन नाही, आणि उन्हाळी शिबिरं नेमकी तेव्हाच असतात. सकाळी साडेपाच ते आठ, त्यानंतर कोणीही मैदानावर नको. सगळ्यात जास्त धोका हॉकीच्या गोलरक्षकाला असतो. हेल्मेट, छातीचं कवच, पायांचे पॅड, त्यात घाम सुकतच नाही. दर 15 मिनिटांनी हेल्मेट काढायला लावा, मानेवर ओला दुपट्टा ठेवा.

खेळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायचं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट, अर्धा लिटर असं अंदाजाने करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पोरगा बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर ऊन लागलं समजा. घाम येतोय म्हणून दुर्लक्ष करू नका, खेळताना लागलेल्या उन्हात घाम चालूच असू शकतो. आधी थंड करा, मग हलवा. बोअरचं पाणी अंगावर ओता, मान, काख, जांघ इथे बर्फ ठेवा, पंख्याने वारा घाला आणि त्याच वेळी 108 ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

बॉल किंवा स्टिक लागून पक्का दात मुळासकट पडला तर पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने नाहीतर साध्या पाण्याने पटकन विसळा, घासू नका. पोरगा मोठा आणि शुद्धीत असेल तर दात त्याच जागी बसवून रुमाल चावायला द्या. नाहीतर कपभर थंड दुधात टाका. दंतवैद्याकडे अर्ध्या तासात पोचलं तर दात वाचण्याची आशा चांगली असते, तासानंतर ती झपाट्याने कमी होते. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही.

डोक्याला मार लागला आणि पोरगा तोच तोच प्रश्न विचारतो, गोल कोणी केला ते सांगू शकत नाही, डोकं दुखतं म्हणतो, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. खेळ कोणताही असो. उलट्या झाल्या किंवा झोपेतून उठेना तर ताबडतोब दवाखाना.

क्रीडाशिक्षक, दारव्हा

ताईंनी लिहिलेलं छापून स्टोअररूमच्या दारावर लावतो. एक प्रश्न फिजिओ ताईंना. आमच्याकडे चौदा-पंधरा पोरं आहेत, तीच दोन्ही संघांत. सोमवारी फुटबॉल, बुधवारी हॉकी असं वेळापत्रक आलं तर काय करायचं?

फिजिओ, वर्धा

सर, जांघ सांभाळा. फुटबॉलच्या किकने जांघेचा पुढचा स्नायू ओढला जातो आणि हॉकीत वाकून राहिल्याने तोच आखडतो. मधल्या मंगळवारी पळणं घेऊ नका. पंधरा मिनिटं चालणं, मग एक गुडघा जमिनीवर टेकवून कंबर पुढे ढकलायची, प्रत्येक बाजूला 30 सेकंद, दोनदा. बुधवारी सकाळी प्रत्येकाला पाठीवर झोपवून गुडघ्यांमध्ये फुटबॉल दाबायला सांगा, पाच सेकंद, पूर्ण जोर. जांघेत दुखलं आणि दुखणं दहापैकी पाचच्या वर सांगितलं तर त्या पोराला त्या दिवशी उतरवू नका. तीन ते पाच सांगितलं तर एक-दोन डावच द्या, हॉकीत बदल मोकळे आहेत. आणि पेनल्टी कॉर्नरला पहिला धावणारा म्हणून सोमवारी पूर्ण नव्वद मिनिटं खेळलेला पोरगा ठेवू नका. त्याचा पाय अर्धा क्षण उशिरा निघतो, आणि त्या जागी तेवढाच उशीर अंगावर येतो.