शब्दचर्चा : 'माहिती समाज' की आणखी काही?

धागाकर्ती

तालुक्यातल्या ग्रंथपालांसाठी एक छोटी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. भारताने 'इन्फर्मेशन सोसायटी', म्हणजे माहिती सगळ्यांपर्यंत पोचणारा समाज, घडवण्यासाठी आजवर काय काय केलं, हा विषय. संयुक्त राष्ट्रांची याच नावाची शिखर परिषद २००३ मध्ये जिनिव्हाला आणि २००५ मध्ये ट्युनिसला झाली. तेव्हापासून हिंदीत 'सूचना समाज' आणि मराठीत 'माहिती समाज' हे शब्द लेखांमधून दिसतात.

पहिलं पान घरी वाचून दाखवलं, तर सासूबाईंनी विचारलं, "हा कुठला गं समाज? आपल्या भागात घरं आहेत का त्यांची?" प्रश्न रास्त आहे. मराठीत 'समाज' या शब्दाआधी नाव आलं की ते जातीचं किंवा पंथाचं असतं. माळी समाज, धनगर समाज, लिंगायत समाज. 'समाजाची बैठक' म्हटलं की कुणाची बैठक ते वेगळं सांगावं लागत नाही. 'माहितीप्रधान' लिहून पाहिलं, कोरडं वाटलं. 'अधिष्ठित' जोडावं तर संधी होऊन 'माहित्यधिष्ठित' होतं, ते उच्चारताच येत नाही. पुस्तिका गावातली माणसं वाचणार आहेत. काय लिहू?

भाषांतरकार

एक गोष्ट आधीच सांगतो : हिंदीतला 'सूचना' काहीही झालं तरी घेऊ नका. सूच् म्हणजे दाखवणे, खूण करणे. 'सुचणे' आणि 'सूचक' त्याच घरातले. हिंदीत तो शब्द इन्फर्मेशनसाठी रुळला. मराठीत मात्र सूचना वरून खाली येते. शाळेच्या फळ्यावर सूचना असते, साहेब सूचना देतात, 'सूचनांचे पालन करावे'. सभेत सदस्य सूचना मांडतो तेव्हा ती खालून वर जाते खरी, पण तिथेही अर्थ प्रस्ताव असाच. म्हणून २००० सालचा जो कायदा हिंदीत 'सूचना प्रौद्योगिकी अधिनियम' झाला, तो आपल्याकडे 'माहिती तंत्रज्ञान अधिनियम' आहे. 'सूचना का अधिकार' हा आपल्याकडे 'माहितीचा अधिकार' आहे. मराठीत 'सूचनेचा अधिकार' म्हणून बघा, सूचना करण्याचा अधिकार असा अर्थ होईल.

तरी सरकारी मराठीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. १९७६ साली दिल्लीत सुरू झालेलं, सरकारी संगणकांचं जाळं उभारणारं केंद्र मराठीतही 'राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र' म्हणवतं आणि ज्या मंत्रालयाखाली ते येतं त्याच्या नावात 'माहिती तंत्रज्ञान' आहे. जिल्ह्याला गेलात तर सूचना विज्ञान अधिकारी संगणकाचं बघतो, जिल्हा माहिती अधिकारी शासनाच्या बातम्या वर्तमानपत्रांना देतो आणि जन माहिती अधिकारी तुमच्या अर्जाला उत्तर देतो. तिघे तीन वेगळे.

विदा (डेटा), आंतरजाल (इंटरनेट), संकेतस्थळ (वेबसाइट) हे शब्द मी स्वतः वापरतो आणि वापरत राहणार. पण तुमच्या वाचकांसाठी 'डेटा'च ठेवा. गावात 'डेटा संपला' या वाक्याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो.

निवृत्त महसूल कर्मचारी

नोकरीची बत्तीस वर्षं तहसिलीत गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'माहिती'च्या आधी 'चौकशी' हा शब्द बघा. एसटी स्टँडवर ज्या खिडकीत गाडी कधी लागेल ते विचारतात, तिच्यावर 'चौकशी' लिहिलेलं असतं. आणि एखाद्या कर्मचाऱ्यावर किटाळ आलं की 'त्याची चौकशी लागली' म्हणतात. शब्द एकच. माणूस खिडकीशी गेला तर चौकशी करायला, आणि कचेरीने माणसाला बोलावलं तर तेही चौकशीसाठी. माझ्या सुरुवातीच्या काळात लोक टेबलासमोर येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, जरा चौकशी करायची होती." आवाज खाली, टोपी हातात. स्वतःच्याच जमिनीच्या फेरफाराबद्दल विचारताना माणूस असा का उभा राहतो, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती भाषा बदलली. त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता आणि त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. त्याही आधी, १९९४ पासून, राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनवाया झाल्या. रोजगाराच्या कामाचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची. नाव वाचलं की गर्दीतून कुणी उठायचं आणि सांगायचं, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. त्यांची घोषणा होती, 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. त्या माणसांनी तंत्रज्ञान मागितलं नव्हतं, हिशोब मागितला होता. तुमच्या पुस्तिकेत संगणकांच्या आधी हे यायला हवं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

कायद्यातली 'माहिती'ची व्याख्या शब्दप्रेमींनी जरूर वाचावी. तिच्यात अभिलेख, परिपत्रकं, आदेश, करार तर आहेतच, शिवाय ई-मेल आहेत, अभिप्राय आहेत आणि नमुनेही आहेत. रस्त्यात वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागता येतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत खडी आणि डांबरही 'माहिती' आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा आणि तीस दिवसांत उत्तर. या अर्जात 'चौकशी करायची होती' असं कुणी लिहीत नाही. 'खालील माहिती मिळावी' असं लिहितात. वाक्याचा कणा ताठ झाला.

आता सातबारा. गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्काचा आणि बारा हा पिकांचा, असे दोन नमुने एका कागदावर, म्हणून सातबारा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाईलवर पिकाची नोंद करतो. पूर्वी ही नोंद तलाठी करायचा आणि पुष्कळदा ती पाहणी न करताच व्हायची, हे मी जबाबदारीने लिहितो. सोय झाली यात शंका नाही. पण उतारा हाती येणं आणि उताऱ्यावरचं 'इतर अधिकार' हे सदर वाचता येणं यांत फार अंतर आहे. बँकेचा बोजा तिथेच लिहिलेला असतो. उतारा कुणीही काढतो. तो समजावून सांगणारा माणूस लागतोच.

वारणाकाठ

माझ्या गावाचा अनुभव. १९९८ साली वारणेच्या पट्ट्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं संगणकाने जोडायचा केंद्र सरकारचा प्रकल्प आला. साखर कारखान्याची सहकारी यंत्रणा तयारच होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, दाखले, सगळं गावातल्या केंद्रात मिळणार, असं सांगितलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो.

प्रत्यक्षात केंद्रात लोक कशाला जायचे? उसाचं वजन किती भरलं, बिल कधी जमा होणार, खताची उचल किती झाली. बस्स. पण या तीन गोष्टींसाठी पूर्वी कारखान्यावर जायला अख्खा दिवस मोडायचा, तो वाचला. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर मेसेज पाठवून तीच उत्तरं मिळवायचा प्रयोग झाला आणि लोकांना तोच जास्त सोयीचा वाटला.

आमच्याकडे ऊस तोडून गेल्यावर चुलते रात्री मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वजनाचा मेसेज वाचायचे. एकदा नाही, तीनदा. मग वहीत लिहायचे आणि काटा केलेल्या पावतीशी ताडून बघायचे. त्यांच्या तोंडी 'माहिती' हा शब्द मी कधी ऐकला नाही. ते म्हणायचे, "वजन कळलं." मराठीत कळणं महत्त्वाचं आहे. 'माहिती मिळाली' म्हणजे हातात पडली, 'कळलं' म्हणजे आत गेलं. सरकारी अहवाल मिळण्यापाशी थांबतात.

गावच्या बोलीतले दोन-तीन शब्द पुस्तिकेत आले तर बरं. 'ऑनलाइन' हे आमच्याकडे नाम आहे : "ऑनलाइनला किती घेतले?" दाखले देणाऱ्या सरकारी 'सेतू' केंद्राचं नाव बदलून 'आपले सरकार सेवा केंद्र' झालं, तरी म्हातारी माणसं अजून 'सेतूत जाऊन येतो' म्हणतात. कामही तेच आहे, पलीकडे नेण्याचं, म्हणून शब्द टिकला असावा.

अंगणवाडी सेविका

मला 'अंगठा' या शब्दाबद्दल लिहायचं आहे. साक्षरतेच्या वर्गात आम्ही बायकांना सही शिकवायचो. 'अंगठेबहाद्दर' ही शिवी होती. सही आली की बाई रडायची, मी पाहिलं आहे. मग आधार आलं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आणि आता सही येणाऱ्या बाईलाही रेशनच्या मशीनवर अंगठाच लावावा लागतो.

आमच्या वाडीतल्या एका आजींचा अंगठा लागत नाही. जन्मभर भांडी घासून आणि शेतात लावणी करून रेघा गेल्या आहेत. दुकानात त्या आधी अंगठा पदराला पुसतात, मग कपाळाला घासतात, मग पुन्हा ठेवतात. मशीन नाही म्हणतं. मागची रांग गप्प असते. मग नातवाला शाळेतून बोलावतात. लोक म्हणतात, "आजींचा अंगठा उठत नाही." 'आधार' किती चांगला मराठी शब्द आहे. तो त्या मशीनपाशी त्यांना मिळत नाही. पुस्तिकेत हेही लिहा, ताई. ज्याचा अंगठा उठत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट असते, मोबाईलवर येणारा ओटीपी किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा, हे ग्रंथपालाला माहीत असेल तर तो रांगेतल्या माणसाला सांगू शकेल.

भाषांतरकार

वरचे प्रतिसाद वाचून माझं मत ठरलं. आपल्याकडे 'माहितगार' हा शब्द आहे. गडावर जाताना 'तिथला कुणी माहितगार सोबत घ्या' असं आपण म्हणतो. वाट, पाणी, निसरडी जागा ज्याला ठाऊक आणि जो ती दुसऱ्याला दाखवतो, तो माहितगार. 'माहिती समाज' मध्ये माहिती कुठेतरी साठलेली आहे एवढंच कळतं. 'माहितगार समाज' मध्ये ती माणसांकडे आहे. जातीचा घोळही टळतो, कारण 'गार' लागल्यावर ते विशेषण म्हणूनच वाचलं जातं.

धागाकर्ती

'माहितगार समाज' घेते. सासूबाईंना आत्ताच विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला गाव. मग तसं लिही ना." पुस्तिकेचं नाव 'माहितगार समाज' आणि पहिल्या पानावर त्यांचं वाक्य. अंगणवाडीताईंचा अंगठा आणि वजनाचा मेसेजही घेते, नावं न देता, परवानगी असेल तर. शेवटची शंका : 'माहीत' की 'माहित'? आणि 'मला माहिती आहे' चालेल का?

भाषांतरकार

'माहीत' लिहा, त्यातला 'ही' दीर्घ, कारण शेवटचं अक्षर अकारान्त आहे. 'माहिती' आणि 'माहितगार' या दोन्हींत हि ऱ्हस्व. 'मला माहीत आहे' हे प्रमाण. 'मला माहिती आहे' निम्मा महाराष्ट्र बोलतो, संवादात आलं तर तसंच राहू द्या.

अंगणवाडी सेविका

परवानगी आहे. फक्त वाडीचं नाव नको. आजींना वाचून दाखवेन.