भाव पहिल्या ओळीतच लिहा

कुणीतरी म्हटलंय की सोशल मीडियावर रोज पोस्ट टाकत राहिलं की गिऱ्हाईक आपोआप येतं. माझा अनुभव उलटा आहे. आमचा हापूसचा छोटासा हंगामी धंदा. पहिल्या वर्षी रोज 'अस्सल, दर्जेदार, नैसर्गिक' असं लिहायचो, तेही फुलाफुलांच्या चौकटीत! लाइक सगळे नातेवाइकांचे, ऑर्डर एकही नाही. मग कंटाळून नुसतं लिहिलं: 'देवगड हापूस, पाच डझनांची पेटी, गवतात पिकवलेला, शनिवारी पुण्यात घरपोच' आणि पुढे भाव. फोन सुरू झाले.

इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरं चालतात, पण स्क्रोल करताना सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात. माल, गाव, भाव तिथेच हवा. मजकुरातली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून फोन नंबर द्या. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत जातं. 'आज सहा पेट्या उरल्यात' हे तिथे छान चालतं. 'भावासाठी इनबॉक्स करा' मात्र नकोच, लोक वैतागून पुढे सरकतात.

आणि हो, हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन (ठरावीक भागातल्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालंय, पण त्याखाली तुमची स्वतःची नोंदणी नसेल तर पोस्टमध्ये 'जीआय' हा शब्द वापरू नका.