मदत हवी आहे: फ्लॉपीची कॉपी होत नाही

देवगडकर: काकांनी मस्कतहून आणलेल्या गेमच्या ओरिजिनल फ्लॉपीची कॉपी काढायची आहे. एरर येतात, आणि कॉपी झालीच तर गेम सुरू होत नाही. ओरिजिनल चालते. पावसाळ्याआधी उरकायचंय. कोणता प्रोग्रॅम वापरू? लवकर सांगा.

सावंतवाडीचा: कॉम्प्युटर कोणता? फ्लॉपी सव्वापाच इंची की साडेतीन? कॉपी कशाने करताय?

हापूसप्रेमी: डॉसची डिस्ककॉपी कमांड द्या, आम्ही ऑफिसात तेच करायचो. नाहीतर गेम नेटवर शोधा.

देवगडकर: डॉस नाही हो, कमोडोर ६४, जुना घरगुती कॉम्प्युटर. त्याच्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हला झूमफ्लॉपी (यूएसबी अडॅप्टर) लावून लॅपटॉपवर डी६४, म्हणजे डिस्कची इमेज फाइल घेतो, ती दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवतो. नेटवरचा गेम नको, काकांचीच डिस्क हवी.

दापोली_बेसिक: एरर दर वेळी त्याच ट्रॅकवर (डिस्कवरच्या गोल पट्टीवर) येतात का? तसं असेल तर ते मुद्दाम ठेवलेले असणार. गेम सुरू होताना तो खराब सेक्टर (ट्रॅकचा तुकडा) वाचून बघतो, एरर मिळाला नाही की डिस्क नकली समजून थांबतो. साध्या डी६४ मध्ये ३५ ट्रॅकच्या ६८३ सेक्टरांतला डेटा तेवढा येतो. सिंकच्या खुणा (डेटा कुठे सुरू होतो ते दाखवणाऱ्या), सेक्टरांमधल्या जागा, ३५ च्या पुढचे ट्रॅक, काहीच येत नाही. निबटूल्स या प्रोग्रॅमने अख्खे ट्रॅक कच्चे उतरवा आणि जी६४ करा, त्या इमेज फाइलमध्ये कच्चे ट्रॅक राहतात.

मालवणकर: आधी फ्लॉपी उजेडात धरून बघ मरे. पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आसा, ड्राइव्हात घालू नको. डिस्कपण जाता आणि हेडपण.

सावंतवाडीचा: ग्रीझविझल घ्या, फ्लॉपी कच्ची वाचणारा यूएसबी बोर्ड. साध्या पीसी ड्राइव्हवर चालतं.

दापोली_बेसिक: झूमफ्लॉपी हाताशी असताना नवा खर्च कशाला? शिवाय डिस्क दोन्ही बाजूंनी भरलेली असेल तर उलटी घातल्यावर इंडेक्सचं भोक (फेरी कुठे सुरू होते ते ड्राइव्हला कळवणारं) जुळत नाही, बरेच पीसी ड्राइव्ह ती बाजू वाचतच नाहीत.

सावंतवाडीचा: आणि १५४१ एरर आला की हेड खडखड आपटतो, अलाइनमेंट जाते, त्याचं काय? माझ्या सगळ्या डिस्क ग्रीझविझलने उतरल्या.

देवगडकर: भांडू नका. बुरशी नाही. एरर त्याच ट्रॅकवर. निबटूल्स टाकलं, ट्रॅक वाचत नाही.

दापोली_बेसिक: पॅरलल केबल लावलीय ना? १५४१ मधून कच्चे बिट नुसत्या गोल सीरियल केबलने तेवढ्या वेगात येत नाहीत. १५७१ (कमोडोरचाच नंतरचा ड्राइव्ह) असता तर चाललं असतं.

देवगडकर: नाही. कुठे मिळेल?

हापूसप्रेमी: आमच्याकडे स्पेक्ट्रम कॉम्प्युटर होता, कॅसेटवाला. कॅसेटची कॉपी टेपरेकॉर्डरवर व्हायची.

दापोली_बेसिक: नुसती केबल मिळून भागत नाही, ती जोडायला ड्राइव्ह उघडून आतल्या ६५२२ चिपपासून तारा काढाव्या लागतात. सोल्डरिंग जमतं का? १५४१ आहे की १५४१-२ (नंतरचं मॉडेल)? बोर्डाचा फोटो टाका.