दाखल्यावर ‘फादर’ आहे, म्हणजे आई कॅथलिक होती का?

नगरवाली
मुलीचं लग्न वसईच्या मुलाशी ठरलंय. ते लोक कॅथलिक, आम्ही सी.एन.आय.चे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, प्रोटेस्टंट. आमच्याकडे लहानपणापासून ‘पाळकसाहेब’ हाच शब्द, फादर कधी कुणाला म्हटलं नाही. आता आईच्या ट्रंकेत तिचा बाप्तिस्म्याचा दाखला सापडला. पुणे, १९४१. देवळाचं नाव होली नेम. वर छापलंय ‘डायोसिस ऑफ बॉम्बे’, म्हणजे मुंबईचा धर्मप्रांत. सहीच्या आधी ‘फादर’, सहीनंतर ‘एस. जे. ई.’, आणि त्या अक्षरांच्या अलीकडे नेमकी घडी पडून कागद विरलाय.

मावशी ठाम आहे. फादर आणि एस. जे. म्हणजे जेझुइटच, कॅथलिकांच्या व्रतस्थ संघातले, मुंबईचं होली नेमही कॅथलिक, तेव्हा आपण मुळात कॅथलिक, मग लग्नाला परवानगी कसली मागतात? आणि वसईचे फादर म्हणतात, विकर जनरलची परवानगी घ्यावी लागेल. विकर तर इंग्रजांच्या चर्चमध्ये असायचे ना? मला व्याह्यांना चुकीचं काही सांगायचं नाही. आई आता नाही, विचारू कुणाला?

पेठेतला
ताई, हे आमचं गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, पंचहौदाचं. माझाही बाप्तिस्मा तिथलाच. ते आधी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं होतं, १९७० साली सी.एन.आय. झालं, कॅथलिक कधीच नव्हतं. कॅथलिकांचं होली नेम कॅथेड्रल ते मुंबईत कुलाब्याला. नाव तेवढं सारखं.

घडीत गेलेलं अक्षर आणखी एक ‘एस’ असणार. एस. एस. जे. ई., म्हणजे सोसायटी ऑफ सेंट जॉन दि इव्हँजेलिस्ट. ऑक्सफर्डजवळ काउलीला १८६६ मध्ये सुरू झालेला अँग्लिकन व्रतस्थांचा संघ. लग्न न करता, मठाच्या शिस्तीत राहायचे, म्हणून फादर. काउली फादर्सच म्हणत त्यांना. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती झाल्यावर फादर नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले, तेही अँग्लिकन. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टरांकडे असताना, त्या सिस्टरही अँग्लिकन, आणि त्यांच्याच संघाच्या सिस्टर पंचहौदात राहत होत्या. १८९० चं चहाचं ग्रामण्य, म्हणजे पाद्र्यांकडे चहा घेतल्यावरून झालेला जातिबहिष्काराचा वाद, उठलं ते याच मिशनमधून. फादर, सिस्टर ऐकलं की लोक थेट रोमला पोचतात, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या आजोबांना जन्मभर हे समजावत बसावं लागलं.

अजून एक खूण बघा. पुण्याला कॅथलिकांचा स्वतःचा धर्मप्रांत १८८६ पासून आहे. दाखला त्यांचा असता तर वर ‘पूना’ छापलेलं असतं. ‘बॉम्बे’ म्हणजे अँग्लिकन बिशपांचा.

वसईचा
विकर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा. कुणाच्या वतीने, ते चर्चप्रमाणे बदलतं. इंग्लंडच्या चर्चमध्ये विकर हा पॅरिशचा, म्हणजे एका देवळाखालच्या भागाचा, मुख्य पाद्री. आमच्या कायद्यात पॅरोकियल विकर म्हणजे मोठ्या फादरांचा सहायक, आणि विकर जनरल म्हणजे थेट बिशपांचा प्रतिनिधी, सगळ्या धर्मप्रांतासाठी. गोव्यात जाल तर विगार पुन्हा पॅरिशचा मुख्य. डीनचंही असंच. अँग्लिकन डीन कॅथेड्रल सांभाळतो, आमचा डीन शेजारपाजारच्या काही पॅरिशवर लक्ष ठेवतो.

परवानगीचं म्हणाल तर आईचा दाखला कुणी मागणार नाही, मुलीचा मागतील. तो सी.एन.आय.चा आहे म्हणून हा मिश्र विवाह, आणि त्याची परवानगी विकर जनरल देऊ शकतात. मुलीला कॅथलिक व्हावं लागत नाही. मात्र मुलाकडून वचन घेतात, की होणाऱ्या लेकरांचा बाप्तिस्मा आणि वाढ कॅथलिक चर्चमध्ये व्हावी म्हणून शक्य ते सगळं करीन. या वचनाची मुलीला आधी कल्पना देतात. त्यावर दोन्ही घरांनी आत्ताच बसून बोला. माझ्या बहिणीच्या वेळी ही गोष्ट बारशाच्या दिवशी निघाली, फार रडारड झाली.

वाचक_४१
पण १८९६ साली पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन दीक्षा ग्राह्य नाहीत असा निर्णय दिला होता. मग अशा फादरांनी दिलेला बाप्तिस्मा तरी चालतो का?

वसईचा
चालतो. तो निर्णय याजकांच्या दीक्षेपुरता. बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल तर तो आम्ही मानतो, पुन्हा देत नाही. अडीअडचणीला साधा माणूसही तो देऊ शकतो.

नगरवाली
सकाळी दाखला खिडकीत उजेडाला धरला आणि भिंग लावून पाहिलं. घडीच्या आत शाईची वरची कमान दिसते, ‘एस’चीच. मावशीला फोन केला. जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “हो गं, काळ्या झग्यावर कमरेला दोर असायचा त्यांच्या. आम्ही पोरी तो मागून धरायचो.”

मुलीचा दाखला पाळकसाहेब रविवारी देतायत. वचनाचं आजच तिच्याशी बोलते. पेठेतले दादा, पंचहौदात १९४१ ची नोंदवही बघायला मिळते का? आईच्या नावापुढे साक्षीदार म्हणून कुणाची नावं होती, ती एकदा वाचायची आहेत.