आर्गपार्स: १४ सबकमांडचा सेटअप आटोपशीर कसा करायचा?

प्रश्न
पायथन ३.११, कमांड-लाइनवरचे पर्याय वाचायला त्याच्याबरोबरच येणारी आर्गपार्स लायब्ररी, आणि १४ सबकमांड (‘गिट कमिट’मधल्या ‘कमिट’सारख्या). सर्व्हरवर बाहेरचं पॅकेज टाकता येत नाही, म्हणून क्लिक, टायपर या लायब्रऱ्या बाद. प्रत्येक सबकमांडसाठी ॲड_पार्सरची एक ओळ आणि ॲड_आर्ग्युमेंटच्या चार-पाच. त्यात --व्हर्बोज, --कॉन्फिग, --ड्राय-रन हे तिन्ही चौदा ठिकाणी जसेच्या तसे. शेवटी कुठल्या कमांडला कुठलं फंक्शन चालवायचं, यासाठी इफ-एलिफची लांबलचक माळ. कुठून कापायला घेऊ?

उत्तर १
आधी माळ काढा. प्रत्येक सबपार्सरवर (सबकमांडच्या पार्सरवर) सेट_डिफॉल्ट्स लावून फंक या नावाखाली त्याचं फंक्शन द्या; मेनमध्ये आर्ग्ज.फंक(आर्ग्ज) एवढी एकच ओळ उरते. ॲड_सबपार्सर्सला रिक्वायर्ड=ट्रू आणि डेस्ट (निवडलेल्या कमांडचं नाव ज्या नावाखाली ठेवायचं ते) दोन्ही द्या. रिक्वायर्ड नसेल आणि कोणी नुसतं प्रोग्रामचं नाव टाइप केलं, तर फंक नाही म्हणून ॲट्रिब्यूटएरर येतो. डेस्ट नसेल, तर जुन्या आवृत्त्यांत धड संदेशाऐवजी टाइपएरर.

तिन्ही स्विच एका वेगळ्या पार्सरमध्ये ठेवा आणि तो पेरेंट्समधून सगळ्यांना द्या. ४२ ओळींच्या ३ होतात. त्या पार्सरला ॲड_हेल्प=फॉल्स हवंच, नाहीतर मदतीचा -एच दोनदा येतो आणि प्रोग्राम सुरू होतानाच आपटतो.

उत्तर २
याच्यावर दहा-बारा ओळींचा डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर @ने लावायचं वेष्टण) चढवा. कमांडचं नाव फंक्शनच्या नावावरून (अंडरस्कोरच्या जागी हायफन), हेल्प डॉकस्ट्रिंगच्या (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेल्या वर्णनाच्या) पहिल्या ओळीवरून. आर्ग्युमेंट फंक्शनच्या डोक्यावरच दिसतात, नवी कमांड टाकायला दुसरीकडे हात लावावा लागत नाही.

मात्र हेल्पच्या मजकुरात आर्गपार्स टक्क्याचं चिन्ह फॉरमॅट म्हणून वाचतो. ‘१०% सवलत लावा’ लिहिलं की व्हॅल्यूएरर. चिन्ह दोनदा लिहा. पायथन -ओओ लावून चालवत असाल, तर डॉकस्ट्रिंग उडतात, तेव्हा त्यांच्या जागी नन (None) येईल हे धरून चाला. आणि कमांड वेगळ्या फाइलींत असतील तर त्या इम्पोर्ट झाल्याच पाहिजेत. नाहीतर कमांड गुपचूप गायब, एररही नाही.

प्रश्नकर्ता
दोन्ही केलं, छान आटोपलं. पण तोच पेरेंट मुख्य पार्सरलाही दिला, तर सबकमांडच्या आधी लिहिलेला --व्हर्बोज फॉल्सच येतो. नंतर लिहिला की ट्रू.

उत्तर १
येणारच. सबपार्सर स्वतःची कोरी नेमस्पेस (वाचलेल्या किमती ठेवणारं ऑब्जेक्ट) भरतो आणि ती मुख्य नेमस्पेसवर ओततो. त्यातला डिफॉल्ट फॉल्स आधीच्या ट्रूवर बसतो. पेरेंटमध्ये डिफॉल्ट=आर्गपार्स.सप्रेस करा (म्हणजे स्विच दिला नाही तर काहीच भरलं जात नाही) आणि किंमत गेटॲट्रने, नसेल तर फॉल्स धरून, वाचा. मुख्य पार्सरवर सेट_डिफॉल्ट्सने फॉल्स देऊन पळवाट काढू नका: पेरेंटमधले ॲक्शन सगळ्यांत एकच ऑब्जेक्ट असतात, त्यामुळे सप्रेस सगळीकडचंच पुसलं जातं. खरं तर स्विच फक्त सबकमांडलाच ठेवा, हा घोळच नको.